सरवाला सा

माझ्या गुरुजींचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्यात गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची पद्धत आहे, आणि एका हाताने कान धरून दुसऱ्या हाताने लिहायला गेलं की कागद हलतो. हे गमतीने म्हणतो, पण आजही त्यांचं नाव ओठांवर आलं की माझा हात आपसूक कानाकडे जातो. माझे विद्यार्थी माझ्या बाबतीत तेच करतात. बुऱ्हाणपूरच्या बाजारात एक जुना विद्यार्थी मोटरसायकलवरून जाताना मला बघून एक हात सोडतो आणि कान धरतो. मी ओरडतो, "अरे, आधी हँडल धर!"

मला आयुष्यात कशाचा गर्व असेल तर तो कानाचा. बोटं माझी बेताचीच. माझ्यापेक्षा जलद वाजवणारे या भागात चार तरी निघतील. पण कान हा माझा माल होता आणि तो मी जन्मापासून घेऊन आलो होतो असं मी समजत असे. वडील साताऱ्याकडून नेपानगरला कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले. आमचं बालपण कॉलनीत गेलं, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा वडिलांना म्हणालो, "बाबा, आज भोंगा थोडा उतरलाय." वडील बुटाची लेस बांधत होते. ते म्हणाले, "भोंगा वाजला की ड्यूटीला जायचं. तो चढला काय नि उतरला काय, पगार तेवढाच." पण त्यांनी ते लक्षात ठेवलं असावं, कारण दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला पॅसेंजरने बुऱ्हाणपूरला आणलं आणि गुरुजींच्या समोर बसवलं.

गुरुजी बसून व्हायोलिन शिकवत. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवून, पोट छातीशी. त्यांचा एक नियम होता: सूर विचारायचा नाही, घ्यायचा. ते वाजवणार, आपण तसंच वाजवायचं, जमेपर्यंत. बरोबर आलं की ते काहीच म्हणत नसत. चुकलं की व्हायोलिनचा गज उलटा करून बोटावर मारत. बारा वर्षं मी दर रविवारी त्या गाडीने आलो आणि बोटं सुजवून परत गेलो, आणि मला त्या माणसाबद्दल आजही प्रेमाशिवाय दुसरं काही वाटत नाही.

त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची एक गोष्ट आहे. ती मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगितली आहे की त्यांना पाठ झाली असेल. आमच्या कॉलनीच्या गणपतीत त्यांचं वादन होतं. वय सत्तरच्या पुढे. मी मागे साथीला बसलो होतो. शेवटच्या तारेवर बोट सरकवत सरकवत वर गेलं की जो सा येतो, त्याला आम्ही नुसतं वरचा सा म्हणतो. गुरुजी तिथे पोचले आणि सूर लागला तो चढा. थोडाथोडका नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाने शेजारच्याकडे बघितलं. मी काय केलं? मीही माझं बोट तेवढंच पुढे सरकवलं आणि त्यांच्या चढ्या सुरात माझा सूर मिसळला. दोघंही एकत्र चुकलो तर चूक कमी दिसते. कार्यक्रम झाल्यावर मी त्यांच्या पाया पडलो आणि एक शब्द बोललो नाही.

ही गोष्ट मी भक्तीची म्हणून सांगत असे. "गुरूला बेसूर म्हणायचं नसतं," असं म्हणून मी ती संपवायचो, आणि मुलं कान धरायची.

त्यानंतर माझं जे काही झालं त्याला करिअर म्हणायचं असेल तर म्हणा. दहा वर्षं मी एका ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवलं. लग्नं, गणपती, दुर्गा, नेत्यांचे वाढदिवस. खांडव्यापासून जळगावपर्यंत आम्ही मेटॅडोरमधून फिरायचो. स्टेजवर माझी जागा ठरलेली, डाव्या टोकाला, आणि माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर कपाटाएवढा स्पीकर. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजायची, सकाळी ती जायची. मग शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागलो आणि तिथून रिटायर झालो. आता घरच्या दोन खोल्यांत क्लास चालवतो. क्लासचं एक वृंदवादन आहे, चौदा जणांचं. सहा व्हायोलिनं, बासऱ्या, दोन सतारी, तबला. मी समोर उभा राहतो आणि हातातल्या गजाने त्यांना चालवतो. दर जानेवारीत गावातल्या सभागृहात आमचा कार्यक्रम होतो. आमच्या गावाच्या मानाने ती मोठी गोष्ट आहे.

चांदनीची मुलगी, म्हणजे नेपानगरच्या लाइनवरच्या चांदनी गावची, अकरा वर्षांची असताना क्लासला आली. तिचे वडील तिकडे केळी लावतात. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगी शाळेच्या प्रार्थनेत पेटीवाल्या बाईंना चूक दाखवते आणि मार खाते, म्हणून कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. मी तिची परीक्षा घ्यायला तानपुरा लावला. मी म्हटलं, "गा ना." ती वर बघत म्हणाली, "सर, फॅन बंद करू का? तो थोडा खाली वाजतो."

मी फॅन बंद केला. मे महिना होता, बुऱ्हाणपूरचा. आम्ही दोघंही घामाने निथळत होतो आणि मला वडिलांच्या बुटाची लेस आठवत होती. त्या दिवसापासून ती माझी झाली. सात वर्षं ती त्याच गाडीने, त्याच लाइनवरून आली. मला मूल नाही, हे इथे सांगायला हवं. तिला मी बोटावर कधी मारलं नाही. वृंदात ती व्हायोलिनांच्या पहिल्या जागेवर, माझ्या डाव्या हाताला बसायची.

भानगड सुरू झाली ती गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला. कार्यक्रमाचा शेवट मी असा बांधला होता की सगळी व्हायोलिनं हळूहळू चढत वरच्या सा वर येतात आणि आठ मात्रा तिथे थांबतात. बाकी सगळं शांत. तिथे मला सूर उतरलेला ऐकू यायला लागला. मी गज आपटायचो. "उतरलाय. चढवा." मुलं चढवायची. सूर जागेवर यायचा, मला समाधान व्हायचं. पण पहिल्या जागेवरून एक सूर खालीच राहायचा.

"तू. एकटी. वाजव."

तिने वाजवलं.

"उतरलाय. चढव."

तिने बोट केसभर हलवलं.

"अजून."

"सर, अजून चढवलं तर जास्त होईल."

असं उलट उत्तर माझ्या क्लासमध्ये त्याआधी कोणी दिलं नव्हतं. मी हसून दाखवलं. म्हटलं, "चढव, मी सांगतो ना." तिने चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

असं दोन-अडीच महिने चाललं. मी तिला एकटीला बसवून घेतलं, सकाळी घेतलं, दुपारी घेतलं. तिच्या व्हायोलिनच्या तारा बदलल्या. तिचं लक्ष नाही म्हणालो, बारावीमुळे डोकं फिरलंय म्हणालो, मोबाइल काढून घेतला. ती वाजवायची, मी "उतरलाय" म्हणायचो, आणि तिचा चेहरा असा व्हायचा की तिला मी सांगतोय ते ऐकू येतंय पण पटत नाही. मला तो चेहरा सहन व्हायचा नाही. माझा राग तुम्हाला माहीत नाही. बायको म्हणते, तुम्ही गरम तव्यावरचं पाणी, पडलं की चुर्र. डिसेंबरात एका तालमीत मी तिला म्हणालो, "ज्याला गुरूचा सूर चढा वाटतो त्याने दुसरा गुरू बघावा." तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली, आणि गाडीची वेळ नसताना स्टेशनवर जाऊन बसली. हे मला नंतर कळलं.

जानेवारीत कार्यक्रम झाला. शेवटी टाळ्या झाल्या. पाच व्हायोलिनं वरच्या सा वर एकजीव उभी होती आणि मी मनात म्हटलं, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर ती आली. इंदूरच्या एका संगीत कॉलेजला प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. त्यात शिक्षकाचा अभिप्राय आणि सही हवी होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हणेपर्यंत आली नाही. मला वाटलं होतं ती माफी मागेल. तिने फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "सर, जूनमध्ये ऑडिशन आहे." बस, एवढंच. मी पेन घेतला आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'सुराची तयारी अपुरी.' खाली सही केली, तारीख टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझं अक्षर चांगलं आहे, ते त्या कागदावर विशेष चांगलं आलं होतं.

एप्रिलच्या शेवटी एका पालकाने कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. घरात लग्न होतं म्हणून राहून गेलं, असं त्यांनी लिहिलं होतं. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी इअरफोन लावले. त्यातला डावा बरेच दिवस मेला होता, उजवाच चालायचा. मी उजव्या कानाने सगळा कार्यक्रम ऐकत गेलो, आणि वरच्या सा वर आलो. पाचही व्हायोलिनं चढी होती. अशी चढी की एखाद्या नवख्यालाही कळावं. मला वाटलं फोनमध्ये बिघाड आहे. माणूस आधी फोनवरच संशय घेतो. मग मी चालणारी गोळी काढून डाव्या कानात घातली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. सूर जागेवर.

मी ते पंधरा-वीस वेळा केलं असेल. उजवा, डावा, उजवा, डावा. बायको स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, "चार शिट्ट्या झाल्या कुकरच्या. बंद करा म्हणाले होते ना?" मी एकही ऐकली नव्हती.

मग मी व्हायोलिन काढलं. व्हायोलिनच्या तारेचा एक गुण आहे. बरोबर मध्यावर बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि गज फिरवायचा. तार आपला वरचा सा स्वतः सांगते. शिट्टीसारखा, स्वच्छ. त्यात ना तुमचा कान, ना गुरूचा. तारेची लांबी निम्मी झाली की सूर दुप्पट, इतका साधा हिशेब. मी तारेला विचारलं आणि मग माझ्या कानाला पटेल तिथे बोट दाबलं. बोट मध्यापासून चांगलं पुढे जाऊन बसलं होतं. दसऱ्यापासून मी मुलांना तिथे ओढत होतो.

टाळत टाळत मे संपता संपता कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आलेख काढला. डाव्या बाजूची रेघ शेवटी अशी खाली गेली होती की घसरगुंडीच. ते म्हणाले, "उंच आवाज तुम्हाला या कानात खाली सरकलेले ऐकू येतात. नस गेली की असं होतं. ती परत येत नाही." उजवा अजून बरा आहे, पण तोही त्याच वाटेवर आहे म्हणाले. कधी मोठ्या आवाजात काम केलंय का, असं विचारलं. मी त्यांना मेटॅडोर आणि स्पीकर सांगितला. मग त्यांनी विचारलं, "आता काय करता?" मी म्हटलं, "मास्तर आहे." कशाचा ते सांगितलं नाही.

आता जे सांगतो ते सांगताना लाज वाटते, पण वगळलं तर बाकी सगळं खोटं होईल. त्यानंतर बारा दिवस मी कोणाला काही बोललो नाही. डाव्या कानात कापूस घातला, सर्दीचं निमित्त सांगितलं. आमच्या भागात कापसाला तोटा नाही. मी रोज एकाच गोष्टीचा विचार करत होतो: हे बाहेर फुटलं तर बहिऱ्या मास्तरकडे कोण पोर पाठवेल? पासष्टीला आलेला माणूस, दुसरं काय येतं मला? त्या बारा दिवसांत चांदनीची मुलगी माझ्या मनात आलीच नाही असं नाही. आली, आणि दर वेळी मी स्वतःला सांगितलं की तिचं काय, तिचं वय आहे, ती सावरेल.

तेराव्या दिवशी आमचा तबलजी आला. हा माझा सगळ्यात जुना विद्यार्थी, बँकेत नोकरीला आहे, दोन मुलांचा बाप. चहा घेता घेता तो म्हणाला, "सर, ती चांदनीवाली ऑडिशनला नाही जाऊन राहिली. आठ दिवस उरले. व्हायोलिनच बंद केलंय म्हणे तिने."

मी त्याला विचारलं, "तुला वरचा सा चढा ऐकू यायचा का?"

तो कपाकडे बघत बसला. मी पुन्हा विचारलं.

"सर, सगळ्यांनाच यायचा," तो म्हणाला. "मुलांनी तर नाव पण ठेवलं होतं त्याला. एक असली सा आणि एक सरवाला सा. प्रॅक्टिसमध्ये तुम्ही समोर आले की एकमेकांना बोलायचे, अरे सरवाला लगा, सरवाला."

"आणि ती?"

"ती नाही बोलायची. मी समजावलं तिला. म्हटलं, सर का मन रख ले, दो मिनट की बात है. तर म्हणे, दादा, जानबूझके बेसुरा कैसे बजाऊँ, बोट जातच नाही तिथे."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

तो खरंच गोंधळला. म्हणाला, "सर, तुम्हीच तर गोष्ट सांगायचे ना. गुरुजींच्या शेवटच्या प्रोग्रामवाली." आणि सवयीने त्याचा हात कानाकडे गेला.

चौदा जण. त्यातले तेरा माझ्यावर प्रेम करत होते म्हणून बेसूर वाजवत होते किंवा तो ऐकून घेत होते, आणि चौदावीला मी हाकलली होती. मला तबलजीचा राग आला, मुलांचा आला, गुरुजींचासुद्धा आला. मग राग करायला कोणी उरलं नाही. तो गेल्यावर मी नवं पत्र लिहायला बसलो. पहिल्या वाक्यालाच तीन कागद फाडले. शेवटी साधंच लिहिलं, की आधीचा अभिप्राय माझ्या कानाच्या दोषामुळे चुकीचा होता, मुलीचा सूर निर्दोष आहे. खाली सही केली. सोबत डॉक्टरांच्या आलेखाची झेरॉक्स जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने चांदनीला गेलो. व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन त्या लाइनवर मी चाळीस वर्षांनी बसलो असेन. डब्यात एका बाईने विचारलं, "काका, बँडमधले का?" मी हो म्हटलं.

मुलीचे वडील ओट्यावर बसून केळीच्या बागेला लावायच्या नळ्या गुंडाळत होते. मला बघून ते ताडकन उठले.

"अहो गुरुजी! उन्हाचं कसं काय आले? फोन करते तं मी गाडी घेऊन येतो टेशनावर."

त्यांनी खाट टाकली, पाणी मागवलं. ते माझ्यावर रागावलेले असतील अशी मी तयारी करून आलो होतो. ते रागावलेले नव्हते, आणि ते फार वाईट होतं. ते म्हणाले, "तुम्ही तं लय मेहनत घेतली गुरुजी. पोरीतच काही कमी असन. तुमच्यासारखा माणूस उगाच थोडंच लिहिते."

ती आतून आली. वाळली होती. पाया पडायला वाकली तर मी पाय मागे घेतले. मी तिला पत्र दिलं. तिने वाचलं, आलेख बघितला, पुन्हा पत्र वाचलं. मला वाटलं आता ती रडेल किंवा भांडेल. तिने कागदाची घडी घातली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"सर, आता काय फायदा," ती म्हणाली. "खरं सांगू का? मलेच आता समजत नाही. पहले पक्कं वाटायचं का मी बरोबर आहे. मग तुम्ही रोज सांगायचे, उतरलाय, उतरलाय. तुम्ही चूक कसे असणार? म्हणून मी घरी येऊन चढवायची. चढवला का वर वाटते, खाली आणला का खाली वाटते. आता तार छेडली तरी भीती वाटते. कोणता सही आहे, तेच समजत नाही. तुम्ही चांगलं लिहून दिलं तरी तिथे जाऊन मी कोणता वाजवू?"

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं मी तिची जागा हिसकावली, ती कागद देऊन परत करता येईल. मी तिचा कान नासवला होता. माझा म्हातारपणाने आणि स्पीकरने गेला, तिचा धडधाकट कान मी शब्दांनी घालवला, रोज थोडा थोडा, शिकवणीच्या नावाखाली. कुंपणानेच शेत खाल्लं. मला त्या खाटेवर मोठ्याने रडू आलं. तिचे वडील घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने मी जमिनीवर मांडी घातली. पेटी उघडली, व्हायोलिन घेतलं, सूर लावला. डाव्या कानातला कापूस काढून खिशात टाकला.

"बस समोर," मी म्हटलं.

ती बसली.

डोळे मिटून मी खालून निघालो, सावकाश, एकेक सूर घेत, जसं मी तिला सात वर्षं शिकवलं होतं तसं. शेवटच्या तारेवर बोट सरकवत वर गेलो आणि वरच्या सा वर थांबलो. सुंदर लागला होता. माझ्या जन्मात इतका सुंदर लागला नसेल. मी तो लांबवला, मग गज उचलला आणि व्हायोलिन तिच्या मांडीवर ठेवलं. गुरूच्या वाद्याला शिष्य हात लावत नाही. ती दचकून मागे सरकली.

"घे. तारेला विचार. मध्यावर बोट नुसतं टेकव."

तिने भीत भीत बोट टेकवलं आणि गज फिरवला. तारेने आपला सा सांगितला.

"आता माझा ऐक." मी तिच्या हातून व्हायोलिन घेतलं, पुन्हा वर गेलो, पुन्हा थांबलो. मग परत तिला दिलं. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा गज उचलला तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती, अकरा वर्षांची असताना फॅनकडे बघून पडली होती तशी.

"बोल. माझा कसा आहे?"

तिचा हात कानाकडे गेला.

"कान सोड," मी म्हटलं. "ती गोष्ट मी तुम्हाला चुकीची सांगत आलो. गुरुजींना मी सांगायला पाहिजे होतं. त्यांचं वय झालं होतं, लोक त्यांना हसले, आणि मी मागे बसून त्यांच्याबरोबर बेसूर वाजवत राहिलो. कान सोड आणि बोल."

तिने वडिलांकडे बघितलं. ते तांब्या धरून तसेच उभे होते. मग तिने कान सोडला.

"चढा आहे, सर."

"किती?"

"लय चढा आहे."

ती सरकून माझ्या शेजारी आली. व्हायोलिन माझ्या पावलावर टेकवलं, माझं बोट आपल्या दोन बोटांत धरलं आणि तारेवरून खाली आणलं, थोडं, अजून थोडं. मग थांबली.

"इथे," ती म्हणाली. आवाजात शंका नव्हती.

मी गज फिरवला. मला तो सूर उतरलेला ऐकू येत होता, साफ उतरलेला, आणि ती डोळे मिटून मान डोलवत होती. मी बोट तिथून हलवलं नाही.